पैसा फंडाच्या गावात ग्रंथालयांची एकी

तळेगाव दाभाडे म्हटले की आज बहुतेकांना औद्योगिक वसाहत, चाकण रस्त्यावरची कोंडी आणि पुण्याची लोकल आठवते. पण या गावापासून तासाभराच्या अंतरात शिक्षण-संशोधन करणाऱ्या संस्थांची जी दाटी आहे, ती महाराष्ट्रातल्या फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आली असेल. विष्णु गोविंद विजापूरकरांनी 1906 मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय शिक्षणाच्या प्रयोगाचा वारसा सांगणारे नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळ इथे आहे आणि त्याची अभियांत्रिकी महाविद्यालयेही. इंद्रायणी महाविद्यालय आहे, माईर्स संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, आंबीच्या बाजूला डी. वाय. पाटील समूहाच्या संस्था आहेत. पणन मंडळाची राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था हरितगृहात फुले पिकवणाऱ्यांना प्रशिक्षण देते. वडगाव मावळला कृषी संशोधन केंद्र आहे; घरोघरी शिजणारा इंद्रायणी तांदूळ तिथूनच आला. पुढे निगडी, आकुर्डी, चिंचवडपर्यंत महाविद्यालयांची रांग लागते आणि या सगळ्यांच्या मधोमध गावोगावची सार्वजनिक वाचनालये आहेत. यांतल्या बहुतेक ठिकाणी पुस्तकांचा संग्रह आहे, पण प्रत्येकाची दाखल नोंदवही वेगळी, आज्ञावली वेगळी, नियम वेगळे. कोणते पुस्तक कुठे आहे, हे एका जागी पाहण्याची सोय वाचकाला नाही. या ग्रंथालयांनी मिळून आपला एक विभागीय संघ उभारावा, असे मला मांडायचे आहे. त्या संघाने स्वस्तात खरेदी करून द्यावी, एवढ्यावर मी थांबणार नाही. एकट्या ग्रंथपालाला जे काम कधीच झेपत नाही ते वाटून घेणे, हे त्याचे पहिले कर्तव्य असले पाहिजे.

ग्रंथालयांचा संघ म्हटले की आपल्याकडे आधी एकत्र खरेदीच डोळ्यांपुढे येते आणि त्याला कारणही आहे. परदेशी शोधनियतकालिकांच्या किमती इतक्या वाढत गेल्या की मोठ्या विद्यापीठांनाही त्या परवडेनात. मग प्रकाशकाशी एकेकट्याने घासाघीस करण्यापेक्षा सर्वांनी मिळून बोलावे, असे ठरले. 2003 मध्ये अभियांत्रिकी संस्थांसाठी इंडेस्ट, 2004 मध्ये विद्यापीठांसाठी यूजीसी-इन्फोनेट, 2010 मध्ये महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट अशा योजना एकामागून एक आल्या आणि 2015 च्या अखेरीस त्या ई-शोधसिंधूच्या छत्राखाली एकत्र झाल्या. एन-लिस्टने अनुदानित महाविद्यालयांना वर्षाला काही हजार रुपयांत सहा हजारांवर नियतकालिके आणि दोन लाखांच्या घरात ई-पुस्तके खुली करून दिली, ही लहान गोष्ट नव्हे. त्यानंतर 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके, 6,300 हून अधिक संस्था आणि 1.8 कोटी विद्यार्थी-शिक्षक-संशोधक असा तिचा पसारा आहे. इतक्या मोठ्या खरेदीपुढे तळेगावच्या दहा-पंधरा संस्थांनी प्रकाशकाशी वेगळी बोलणी करण्यात काही अर्थ उरत नाही, हे मान्यच केले पाहिजे. मात्र तिच्या पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थाच घेतल्या गेल्या. या पट्ट्यातली बहुतेक महाविद्यालये खासगी विश्वस्त संस्थांची आहेत आणि गावातली वाचनालये तर त्या हिशेबात कुठेच बसत नाहीत. म्हणजे देशातला सर्वांत मोठा ज्ञानकरार झाला तेव्हा मावळातल्या वाचकाच्या पदरात त्यातले फार थोडे पडले.

आणि ते पडले असते तरी प्रश्न सुटला नसता. ग्रंथालयाची रोजची अडचण नियतकालिकांची नसून मनुष्यबळाची आहे. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आणि 1970 चे अनुदानाचे नियम यांच्या आधारावर अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालये चालतात. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात सहसा एकच सेवक असतो. तोच दार उघडतो, वर्तमानपत्रे लावतो, देवघेव करतो, वर्गणी गोळा करतो, तपासणीसाठी नोंदवह्या तयार ठेवतो. त्याच्याकडून वर्गीकरण, तालिकीकरण, संगणकीकरण, दुर्मीळ पुस्तकांची जपणूक यांची अपेक्षा धरणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे आहे. महाविद्यालयात परिस्थिती बरी दिसते, पण तिथेही नॅक आणि एआयसीटीई यांच्या तपासण्यांची कागदपत्रे तयार करण्यात ग्रंथपालाचा मोठा वेळ जातो, आणि खासगी महाविद्यालयांत निवृत्त झालेल्याच्या जागी नवा माणूस लगेच येईल याची खात्री नसते. शिवाय आपल्या व्यवस्थेत एक भिंत आहे. सार्वजनिक ग्रंथालये ग्रंथालय संचालनालयाकडे, महाविद्यालयांची ग्रंथालये विद्यापीठ आणि एआयसीटीईकडे, संशोधन केंद्रांची त्यांच्या त्यांच्या खात्याकडे. कायद्याने राज्य मध्यवर्ती, विभागीय, जिल्हा अशी वरून खाली उतरंड आखली, पण एकाच गावातल्या दोन ग्रंथालयांनी आडवे एकमेकांकडे पाहावे यासाठी काहीच केले नाही. त्यामुळे गुलाबाच्या रोगावरचा लेख हवा असलेल्या शेतकऱ्याला तो पाच किलोमीटरवर असूनही मिळत नाही, कारण तो तिथे आहे हे त्याला सांगणारे कुणी नाही.

तालिकीकरणाचेच उदाहरण जरा तपशिलात पाहू, कारण संघाचा उपयोग सर्वांत स्पष्ट तिथे दिसतो. गो. नी. दांडेकर तळेगावात राहिले. त्यांची पुस्तके या पट्ट्यातल्या बहुतेक मराठी वाचनालयांत असणार. पण एका ठिकाणी नोंद ‘दांडेकर, गो. नी.’ अशी होईल, दुसरीकडे ‘गोपाल नीलकंठ दांडेकर’, तिसरीकडे आज्ञावली देवनागरी घेत नाही म्हणून रोमन अक्षरांत, चौथीकडे ‘गोनीदा’. संगणकाच्या लेखी हे चार वेगळे लेखक. नाव कसे लिहायचे हे एकदा ठरवून सर्वांनी तेच पाळणे हे सोपे काम वाटते, पण त्यासाठी जाणकार माणूस, वेळ आणि सर्वांनी मान्य केलेला नियम या तिन्ही गोष्टी लागतात, आणि कोणत्याही एका ग्रंथालयाकडे त्या तिन्ही नसतात. इंग्रजी पुस्तकांचे तसे नाही. त्यांच्या तयार नोंदी जगभरातून उतरवून घेता येतात. मराठी पुस्तकांच्या दर्जेदार नोंदी आपल्यालाच करायच्या आहेत, आणि आज तीच कादंबरी चाळीस ग्रंथालयांनी घेतली तर चाळीस जण तिची नोंद चाळीस वेळा करतात, तीही बहुधा अर्धीमुर्धी. महाराष्ट्राचा कायदा झाला त्याच 1967 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या 54 महाविद्यालयांनी याच प्रश्नावर एकत्र येऊन ‘ओहायो कॉलेज लायब्ररी सेंटर’ काढले. पुस्तकाची नोंद पहिल्या ग्रंथालयाने करायची आणि उरलेल्यांनी ती वापरायची, एवढीच कल्पना. 1971 मध्ये तिची संगणकीय तालिका सुरू झाली आणि पुढे ओसीएलसी या नावाने तिने जगातली सर्वांत मोठी संयुक्त तालिका उभी केली. महाकाय झालेल्या त्या संस्थेचे आज गुणदोष दोन्ही सांगता येतील. पण तिचा उगम एका राज्यातल्या महाविद्यालयांच्या साध्या गरजेत होता, आणि ती गरज इथे आज जशीच्या तशी आहे.

‘असे प्रयोग इथे चालत नाहीत’ हा पहिला आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. पुण्यानेच एक प्रयत्न करून पाहिला आहे. 1992 मध्ये पुणे विद्यापीठ, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-डॅक यांनी मिळून ‘पुणेनेट’ सुरू केले. शहरातल्या ग्रंथालयांच्या सूची एकत्र आणून संगणकावर उपलब्ध करून देणे हा त्याचा हेतू. त्याच सुमारास मुंबईत ‘बोनेट’, कोलकात्यात ‘कॅलिबनेट’, मद्रासेत ‘मलिबनेट’, अहमदाबादेत ‘अदिनेट’ अशी जाळी उभी राहिली. केंद्र सरकारच्या ‘निसॅट’ या कार्यक्रमाचे पाठबळ अशा प्रयत्नांमागे होते. यांतली बरीच पुढे मंदावली; पुणेनेटचे नाव आज सामान्य वाचकाच्या कानावरूनही गेलेले नसते. 1988 मध्ये दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये सुरू झालेले ‘डेलनेट’ मात्र टिकले आणि दिल्लीची वेस ओलांडून देशभरातल्या हजारो संस्थांचे झाले. माझ्या वाचनात या फरकाचे मुख्य कारण तंत्रज्ञान नाही. डेलनेटने सभासद संस्थांकडून वार्षिक वर्गणी घेतली आणि तिच्या बदल्यात ग्रंथपालाला हातात धरता येईल असे काही दिले: मागितलेले पुस्तक, मागितलेल्या लेखाची प्रत, प्रशिक्षण. ज्याला पैसे मोजावे लागतात तो सभासद सेवा मागतो, तक्रार करतो आणि त्यामुळे यंत्रणा जागी राहते. जे जाळे अनुदानावर आणि दोन-तीन उत्साही माणसांच्या खांद्यावर उभे असते, ते अनुदान थांबले आणि माणसे बदलली की सैल पडते. तेव्हा पुणेनेटचा अनुभव संघाच्या कल्पनेविरुद्धचा पुरावा म्हणून वापरू नये. संघ कशावर उभा करू नये, हे तो सांगतो.

याहून जुना आणि आपल्या अधिक जवळचा दाखला बडोद्याचा आहे. तळेगावकरांना त्यात एक वेगळे आपलेपण वाटायला हरकत नाही: बडोद्याच्या गायकवाडांचे मूळ पुरुष दमाजी आणि पिलाजी हे तळेगावच्या सेनापती दाभाड्यांच्या फौजेत नावारूपाला आले. त्याच घराण्यात दत्तक गेलेल्या, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीरावांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून आणले. त्यांच्या व्यवस्थेत मध्यवर्ती ग्रंथालय हे केवळ राजधानीचे वैभव नव्हते. गावच्या वाचनालयाने वर्गणीतून काही रक्कम उभी केली की संस्थान आणि स्थानिक मंडळ आपापला वाटा घालत. ज्यांच्याकडे पुस्तके कमी, त्यांच्याकडे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके जात आणि त्यांचे भाडे संस्थान भरत असे. पुढे मोतीभाई अमीन यांच्या पुढाकाराने ग्रंथालयांना पुस्तके आणि साहित्य पुरवणारे सहकारी मंडळही उभे राहिले. मध्यवर्ती संग्रह, फिरत्या पेट्या, प्रशिक्षण, एकत्र खरेदी: आज ज्याला आपण ग्रंथालयांचा संघ म्हणतो त्याची जवळजवळ सगळी अंगे त्यात होती, आणि ती विजेच्या तारेशिवाय चालत होती. केरळात 1945 मध्ये 47 ग्रामीण ग्रंथालयांनी एकत्र येऊन ग्रंथशाळा संघम स्थापला. आज तिथे राज्य, जिल्हा आणि तालुका पातळीवर सभासद ग्रंथालयांनी निवडून दिलेल्या परिषदा आहेत आणि मालमत्ता करावरचा ग्रंथालय उपकर त्यांना बळ देतो. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही, याची खंत या क्षेत्रातली माणसे अनेक दशके बोलून दाखवत आली आहेत. आपल्याकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना शंभर शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरवते. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता पुस्तके फिरती ठेवता येतात, हे तिने मराठी मुलखात पुरेसे दाखवून दिले आहे.

दुसरा आक्षेप तरुणांकडून येतो: सगळे मोबाइलवर मिळत असताना पुस्तकांची गाडी फिरवण्याची गरज काय? वाचनालयात येणारी मुले तर अभ्यासिकेची खुर्ची आणि पंखा यांसाठीच येतात. यातले दुसरे वाक्य बरेचसे खरे आहे, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा अभ्यासिकेत दिवसाचे दहा तास बसतो, कारण घरी जागा नाही. त्याच्यापुढे चांगली संदर्भपुस्तके, जुन्या नियतकालिकांचे अंक, आकडेवारीचे अहवाल ठेवले तर तो ते वापरेल. ते समोर नसतात म्हणून तो क्लासच्या झेरॉक्स नोट्सवर दिवस काढतो. आणि ‘सगळे’ मोबाइलवर मिळते हे मराठीपुरते तरी खरे नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची बहुसंख्य मराठी पुस्तके ना बाजारात आहेत ना संगणकावर. ती आहेत ती वाचनालयांच्या कपाटांत, आणि तिथून ती कमी होत चालली आहेत. जागा संपली, पाने पिवळी पडली, दहा वर्षांत कुणी नेले नाही, म्हणून पुस्तक बाद होते. एकट्या ग्रंथालयाचा तो निर्णय योग्यही असतो. पण बाद केलेली प्रत ही पंचक्रोशीतली शेवटची प्रत होती का, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. संयुक्त तालिका असेल तर हे दोन मिनिटांत कळते, आणि शेवटची प्रत संघाच्या सामायिक साठ्यात ठेवता येते. कॉपीराइट कायद्याचे 52 वे कलमही इथे मदतीला येते. बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, देशात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या स्वतःच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती करण्याची मुभा त्यात आहे, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर जतनासाठी अंकीय रूपात साठवण्याचीही. ही सवलत कायद्याच्या पुस्तकात पडून राहते, कारण ती वापरायला लागणारे स्कॅनर, जागा आणि जाणकार एका वाचनालयाला मिळून परवडत नाहीत.

महाविद्यालयांच्या बाजूने येणारा आक्षेप जास्त व्यावहारिक आहे. मोठ्या संग्रहाने द्यायचे आणि लहानाने घ्यायचे, असा एकतर्फी व्यवहार होणार. शिवाय पुस्तके हरवली तर लेखापरीक्षणात ग्रंथपाल अडकणार. हरवण्याची भीती मी अजिबात हलकी मानत नाही. हरवलेल्या प्रतीची वसुली सेवकाच्या पगारातून होण्याची धास्ती जोवर आहे, तोवर कोणताही ग्रंथपाल कपाट उघडून देणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणूनच आंतर-ग्रंथालयीन देवघेव ही व्यक्तीला नाही, संस्थेला होते. पुस्तक मागणाऱ्या ग्रंथालयाने जबाबदारी घ्यायची आणि नुकसान झाल्यास संघाच्या राखीव निधीतून भरपाई करायची, असे लेखी ठरवावे लागेल. एकतर्फीपणाचे म्हणाल तर तो दिसतो तेवढा एकतर्फी नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे यंत्रशास्त्राची पुस्तके आहेत, पण त्याच्या वसतिगृहातल्या मुलाला वाचायला कादंबरी नाही. ती गावच्या वाचनालयात आहे. नियमांची गणना भागवण्यासाठी शेजारशेजारची महाविद्यालये तीच क्रमिक पुस्तके पुन्हा पुन्हा घेतात. महागडे संदर्भग्रंथ मात्र कुणीच घेत नाही, कारण वर्षातून दोनदाच लागणाऱ्या ग्रंथावर एकट्याने खर्च करवत नाही. तो एकाने घेतला आणि सर्वांनी वापरला तर सर्वांचाच संग्रह वाढतो. दिवाळी अंकांचेही तसेच. महाराष्ट्रात दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात. वाचनालये त्यांतले तेच ठरावीक वीस-पंचवीस घेतात. आठ वाचनालयांनी नामांकित अंक ठेवून उरलेले आपसांत वाटून घेतले आणि महिन्या-महिन्याने फिरवले, तर तेवढ्याच पैशांत वाचकाला कितीतरी जास्त अंक मिळतील, आणि लहान अंक काढणाऱ्या संपादकालाही गिऱ्हाईक मिळेल. नॅकच्या निकषांत ग्रंथालयाला स्वतंत्र स्थान आहे, त्यामुळे अशा सहभागाची नोंद महाविद्यालयाच्या उपयोगीच पडेल. पण तेवढ्याकरता संघात येऊ पाहणाऱ्या संस्थेला मी पहिल्या दिवशीच सांगेन की प्रमाणपत्र मिळेल, पण पुस्तके द्यावी लागतील.

जिल्हा ग्रंथालय संघ असताना हा नवा डोलारा कशाला, असेही विचारले जाईल. जिल्हा आणि राज्य ग्रंथालय संघांचे काम मोलाचे आहे. ग्रंथालय प्रशिक्षणाचे वर्ग त्यांनीच चालवले आणि अनुदानवाढीसाठी, सेवकांच्या वेतनासाठी तेच झगडत आले. पण त्यांची रचना सार्वजनिक ग्रंथालयांचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडण्यासाठी झाली आहे, आणि पुणे जिल्हा भोरपासून जुन्नरपर्यंत पसरला आहे. रोजच्या देवघेवीचा संघ गाडी सकाळी निघून संध्याकाळी परत येईल एवढ्याच टापूत चालतो. तळेगाव, वडगाव, देहू, चाकण, निगडी, चिंचवड हा तो टापू आहे. जिल्हा संघाने या नव्या संघाला प्रशिक्षण आणि मार्गदर्शन द्यावे आणि महाविद्यालयांनी संगणक व माणसे द्यावीत. दोन्ही बाजूंनी भिंतीला दार पाडले तर कुणाचेच अधिकार कमी होत नाहीत.

पैशाचा प्रश्न शेवटी येतो, पण तो सर्वांत अवघड आहे असे मला वाटत नाही, आणि तळेगावात तर तसे वाटूच नये. वर्षाला प्रत्येकी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारायचे, ही कल्पना घेऊन अंताजी दामोदर काळे गावोगाव फिरले. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैसा फंडातून 1908 मध्ये याच गावात काच कारखाना सुरू झाला. त्या कारखान्याचे मोल त्याने किती चिमण्या आणि बरण्या काढल्या एवढ्यावर ठरवता येणार नाही. तिथे शिकून बाहेर पडलेल्या कारागिरांनी देशात ठिकठिकाणच्या काच कारखान्यांना हात पुरवले, हे त्याचे खरे उत्पन्न. ग्रंथालय संघाच्या खर्चाकडेही मी याच दृष्टीने पाहतो. त्याच्या वर्गणीतला मोठा वाटा इमारतीवर किंवा यंत्रांवर न जाता दोन-तीन चांगल्या माणसांवर जावा: एक जाणकार तालिकाकार, एक संगणक सांभाळणारा, एक गाडीबरोबर फिरून लहान वाचनालयातल्या सेवकाला काम शिकवणारा. आज्ञावलीला पैसे लागत नाहीत. न्यूझीलंडमधल्या लेविन या छोट्या गावातल्या ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि 2000 पासून वापरात असलेली ‘कोहा’ मुक्त आहे. आपल्याकडे एनआयसीची ‘ई-ग्रंथालय’ आहे. खर्च आहे तो ती चालवणाऱ्याचा, आणि तो पंधरा-वीस संस्थांत विभागला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार येत नाही. वर्गणी संस्थेच्या ऐपतीप्रमाणे असावी. वैद्यकीय महाविद्यालयाने आणि ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाने सारखीच रक्कम देणे न्याय्य नाही.

या पट्ट्यात कारखाने आहेत म्हणून सामाजिक दायित्वाच्या निधीकडे सगळ्यांचे डोळे लागतील. 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालये उभारण्याचा उल्लेख आहे, तेव्हा तो निधी मागणे रास्तच आहे. तरीही मी सावध राहायला सांगेन. कंपनी कपाटे देते, संगणक देते, उद्घाटनाची पाटी लावते. तिसऱ्या वर्षीचा पगार ती देत नाही, आणि कंपनीच या गावात राहील याचीही शाश्वती नसते. जनरल मोटर्सने 2020 च्या अखेरीस तळेगावातले उत्पादन थांबवले, हे इथल्या लोकांना सांगायला नको. म्हणून गाडी, स्कॅनर, अग्निरोधक कपाटे असा एकदाच होणारा खर्च देणगीतून करावा, आणि माणसांचे पगार मात्र सभासदांच्या वर्गणीतूनच. अनुदान वा देणगी एखाद्या वर्षी आली नाही तरी संघाची गाडी दुसऱ्या दिवशी निघाली पाहिजे, एवढा हिशेब आधीच जुळवून ठेवावा.

सुरुवात लहान करावी. सगळ्या संग्रहांची संयुक्त तालिका पहिल्याच वर्षी करू म्हटले तर ती कधीच पुरी होणार नाही. पहिल्या सहा महिन्यांत फक्त दोन याद्या कराव्यात: कोणत्या ग्रंथालयात कोणती नियतकालिके, कोणत्या वर्षापासून आहेत, ही एक, आणि 1960 पूर्वी छापलेली मराठी पुस्तके कुठे कुठे आहेत, ही दुसरी. या दोन्ही याद्या दाखल नोंदवहीवरून करता येतात, त्यांना कपाट हलवावे लागत नाही, आणि हातात आल्या की लगेच उपयोगी पडतात. त्यानंतर आठवड्यातून दोनदा गाडी, मग सामायिक आज्ञावली, मग शेवटच्या प्रतींचा साठा, असा क्रम ठेवता येईल. संस्था नोंदणी आणि विश्वस्त कायद्याखाली संघाची नोंदणी करताना घटनेत तीन कलमे आग्रहाने घालावीत. वर्गणी कितीही असो, प्रत्येक सभासद ग्रंथालयाला एकच मत असेल. कार्यकारिणीत सार्वजनिक वाचनालयांच्या जागा महाविद्यालयांपेक्षा कमी नसतील, आणि त्या जागांवर संस्थाचालकांऐवजी प्रत्यक्ष काम करणारे ग्रंथपाल बसतील. आणि एखादी संस्था संघातून बाहेर पडली तरी तिने केलेल्या नोंदी संयुक्त तालिकेत राहतील, तिला त्यांची प्रत मिळेल; त्या पुसण्याचा अधिकार कुणालाही नसेल.